चूक भिंगाचीच

चाचांनी माझं नाव शेवटपर्यंत विचारलं नाही. चार वर्षं मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहिलो, जाता-येता रोज त्यांना सलाम ठोकला, चार ईदांना त्यांच्या घरचा शीरखुर्मा वाट्या भरभरून प्यालो, पण त्यांच्या लेखी मी होतो माझ्या चष्म्याचा नंबर, ‘मायनस पावणेदोन’. कोणी मला शोधत आलं की ते खालून हाक मारत, “ओ पावणेदोन, पाहुणे आलेत तुमच्याकडं!” फारच माया आली तर ‘मास्तर’ म्हणत. मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होतो. म्हणजे तास असला तर मास्तर, नसला तर कोणीच नाही. त्यामानानं ‘पावणेदोन’ ही पदवी कायमस्वरूपी होती, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

दुकान शहागंजच्या मागच्या गल्लीत होतं आणि दहा फूट खोल होतं. डोळे तपासायला वीस फूट अंतर लागतं. बाकीचे चष्मेवाले अशा वेळी आरसा लावून काम भागवतात. चाचांना ते पटत नसे. आरशातलं अंतर उसनं असतं, असं त्यांचं म्हणणं. ते गिऱ्हाइकाला सरळ पायरीवर उभं करत आणि गल्लीतल्या पाट्या वाचायला लावत. सगळ्यात जवळ मिठाईवाला, त्याच्यापुढं बॅगांचं दुकान, आणि पार गल्लीच्या तोंडाशी लग्नपत्रिका छापणारा. पत्रिकावाल्याचा फोन नंबर ज्यानं धडाधडा वाचला, त्याला ते चष्मा द्यायचेच नाहीत. “घरी जा. माझ्यापेक्षा चांगलं दिसायलंय तुम्हाला,” म्हणून हाकलून देत. जवळचं वाचायला उर्दू पेपर आणि मराठी पेपर ठेवलेले असत, आणि ज्याला दोन्ही येत नाही त्याच्यासाठी सुई-दोरा.

शहराचं नाव बदललं तेव्हा गल्लीत जो तो आपापलं मत सांगत होता. चाचांचं मत एवढंच होतं, की आता पाट्या नव्यानं रंगवतील ते लई बरं होईल. “लोकांना जुन्या पाट्या पाठ झाल्यात, मास्तर. न दिसता वाचतेत. आता खरा नंबर निघंल.”

त्यांच्याकडं लाकडाची एक पेटी होती. आत बल्ब, पुढं दोन काचा, एक लाल, एक हिरवी, आणि दोन्हींवर काळी वर्तुळं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर भिंग चढवून ते विचारत, “कुठल्या काचेवरचे गोळे जास्ती काळे? लाल का हिरव्या?” माणसं हमखास गोंधळायची. कोणी म्हणे, हिरवा छान आहे. कोणी म्हणे, लाल. मग चाचांचा पारा चढे. “पसंत नाय विचारली! लग्न लावायचंय काय त्याच्यासंगं? काळं कुठलं दिसतंय ते बोला.”

त्यामागचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावलं, मी फिजिक्सचा एम.एस्सी. आहे हे माहीत असून. “लाल म्हणजे एक नंबरचा आळशी. भिंगातून निघाला की रमतगमत लांब जाऊन बसतो. निळा उतावळा. भिंगातून निघाला नाय तवर वळला, अलीकडंच बसला. हिरवा मधला. आता डोळ्यातला पडदा एकच हाये. तो कोणाकोणासाठी सरकंल? म्हणून हिरव्याला आणि लालला पडद्याच्या दोन बाजूंना सारखं बसवायचं. लाल जास्ती काळा दिसला तर अजून थोडं मायनस द्या, हिरवा दिसला तर काढून घ्या. सगळ्यांना एका जागी बसवणारं भिंग या दोन हातांनी होत नाय.” संध्याकाळी दिवे लागले की पायरीवर बसून ते मला दूरच्या मोबाईलच्या दुकानाची निळी पाटी दाखवत. “बघा, कडा फाटल्यात का नाय तिच्या? आणि शेजारची लाल कशी साफ! पाटी बिचारीचा काय दोष?” मी हे आळशी-उतावळ्याचं प्रकरण दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. पोरं पहिल्यांदाच हसली आणि पहिल्यांदाच त्यांना ते समजलं. कोणाचं आहे ते मी सांगितलं नाही.

भिंगाचा नंबर मोजायला त्यांना यंत्र लागत नसे. दुकानाच्या भिंतीवर काळ्या रंगात अधिकाचं मोठं चिन्ह काढलं होतं. भिंग डोळ्यासमोर धरून ते हलवायचे. रेघ भिंगाबरोबर सरकली तर एक जात, उलटी सरकली तर दुसरी. मग भिंगांच्या पेटीतलं विरुद्ध जातीचं भिंग त्यावर ठेवायचं, बदलत राहायचं, रेघ हलायची थांबली की नंबर सापडला. हे करताना जीभ दातात धरलेली असे आणि कोणी बोललं तर खपत नसे. जड नंबरची भिंगं ते अजून स्वतः घासत, लोखंडी वाटीत कुरुंदाची पूड टाकून, तासन्‌तास. तयार भिंगं दुसऱ्या दिवशी कुरिअरनं येत असताना हा उद्योग कशासाठी, असं विचारलं तर मान वर न करता म्हणत, “येतेत ना. त्यांना कुठं माहिताय, कोणाच्या नाकावर बसायचंय ते.”

बिडकीनच्या एका शिक्षिकाबाईंची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. बाईंनी मोठ्या दुकानातून नवा चष्मा केला आणि जमीन तिरकी दिसायला लागली. पायऱ्या उतरताना पडल्या. लोकांनी त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं, मग झोपेच्या गोळ्या, मग कोणीतरी दर्ग्यावर, कोणीतरी देवीला. शेवटी कशा कोण जाणे चाचांच्या पायरीवर आल्या. चाचांनी चष्मा हातात घेतला, भिंतीवरच्या रेघेसमोर एक गिरकी दिली आणि म्हणाले, “भिंग वाकडं बसवलंय. वीस अंशांनी.” अर्ध्या तासात काम झालं. बाई पायरीवर उभ्या राहून रडल्या. तेव्हापासून चाचांचं एक वाक्य ठरून गेलं, आणि ते कोणालाही, कशावरूनही ऐकवत: “डोळा कधी खोटं बोलत नाय. चूक भिंगाचीच.”

आता मला वाटतं, त्या बाई आल्याच नसत्या तर बरं झालं असतं.

अर्थात ते आंधळेपणानं बोलत नसत. त्यांच्या खिशात लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा एक तुकडा कायम असे, मधोमध टाचणीनं भोक पाडलेला. चष्म्यानं काही केल्या सुधारत नाही असं गिऱ्हाईक आलं की ते हा तुकडा त्याच्या डोळ्यापुढं धरत. भोकातून आळशी काय नि उतावळा काय, जवळचा काय नि लांबचा काय, सगळे मुकाट एका रांगेत येतात. भोकातून साफ दिसलं तर दोष नंबरचा, म्हणजे गिऱ्हाईक चाचांचं. नाही दिसलं तर डोळ्याच्या आत काहीतरी बिघडलंय, आणि मग चाचा एक दिवस थांबू देत नसत. “आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. इथं बसू नका.” सिल्लोडच्या एका खतवाल्याला त्यांनी असंच भर दुपारी रिक्षात कोंबून धाडलं होतं. त्याचा डोळा वाचला. तो दर वर्षी मक्याच्या कणसांचं पोतं आणून टाकायचा आणि आम्ही सगळे आठवडाभर कणसं खायचो.

चाचीही सिल्लोडच्याच. नवऱ्याशी दखनी उर्दूत बोलायच्या आणि माझ्याशी अस्सल गावाकडच्या मराठीत. मी पिशोरचा आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी, “मंग आमच्याच पट्ट्यातले की तुम्ही,” म्हणून मला खात्यात जमा करून घेतलं. दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी बसून त्या साड्यांना फॉल-पिको करत. आसपासच्या लग्नघरातल्या साड्या त्यांच्याकडंच यायच्या. त्यांचं नाव चाचांच्या तोंडी होतं ‘प्लस दोन’.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी पाणी भरायला खाली गेलो तेव्हा चाची साडीचा काठ हातात धरून बघत होत्या. “मास्तर, जरा बघा बरं. ही किनार वाकडीये का माझ्याच नजरंला वाकडी दिसायलीये?”

किनार सरळ होती. चाचा दुकानातून उठून आले. त्यांनी चाचींच्या नाकावरचा चष्मा काढला, हलवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. भिंग जुनं, प्लास्टिकचं, घासलेलं होतं. “हेच! कडेला रेघ वाकवतंय.” आणि मी, पाण्याची बादली खाली ठेवून, बहिर्वक्र भिंगाच्या कडेला सरळ रेषा का वाकतात यावर दहा मिनिटं भाषण दिलं. जमिनीवर बोटानं आकृती काढली. चाची कौतुकानं ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, “पण मला कडंला नाय, मधीच वाकडं दिसतंय.” मी म्हणालो, “तुम्ही चष्मा नाकावर खाली घेत असाल, चाची. मग मध्य कडेला जातो.” चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एम.एस्सी. झाल्याचा इतका अभिमान मला पदवीदान समारंभातही वाटला नव्हता.

ते एक वाक्य, ‘मधीच वाकडं दिसतंय’, मी ऐकलं होतं. समजण्याइतकं शिकलेलोही होतो. पण मला त्या वेळी समजून घ्यायचं नव्हतं, समजावून सांगायचं होतं.

चाचांनी नवं भिंग बनवलं. मग काचेचं. मग लहान फ्रेममध्ये. चाची म्हणाल्या, मरून आणि काळा दोरा एकच दिसतोय, तर चाचा म्हणाले हा रंग फाटण्याचा दोष, आणि आणखी एक. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते जितके आनंदात होते तितके मी त्यांना कधी पाहिलं नाही. अवघड कोडं सापडलं होतं, तेही घरात. भिंग तयार झालं की ते स्वतः आत जात, चुलीपाशी, शिलाईपाशी, जिथं असतील तिथं चाचींच्या नाकावर चढवत आणि विचारत, “क्या दिखता? बोलो.” पायरीवर उभं करणं नाही, लाल-हिरवी पेटी नाही, खिशातला तो कागद नाही. पस्तीस वर्षं ज्या डोळ्यांचा नंबर तोंडपाठ, त्यांना काय खुर्चीवर बसवून तपासायचं? बाहेरच्या कोणाचीही जेवढी तपासणी झाली असती तेवढी घरच्या बाईची झाली नाही.

आणि चाची खोटं बोलल्या. पाचव्या चष्म्याला. मला त्यांनीच सांगितलं, हसत हसत. “आज म्हणून टाकलं बाबा, लई साफ दिसतंय म्हणून. कित्ती खूश झालेत बघा. रात्री दोन पोळ्या जास्ती खाल्ल्या.”

“आणि दिसतंय का खरंच?”

“दिसंल हळूहळू. डोळ्याला सवय लागंल.”

मीही हसलो. गणपती बसायच्या सुमारास एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. उजव्या डोळ्यावर हात ठेवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “मास्तर, असं केलं की तुमचं तोंडच दिसत नाय. कान दिसतेत, केस दिसतेत, मधी तोंडाच्या जागी धूर हाये नुसता.”

“चाचांना सांगा, चाची.”

“नको. परवाच तर नवा दिलाय. मन मोडतं त्यांचं.”

मी सांगू शकलो असतो. दुकान आठ पावलांवर होतं. मला तासाला उशीर होत होता आणि तास बुडाला की तासाचं मानधन बुडतं, हे खरं कारण. दुसरं कारण असं की मी त्या घरात आकृती काढून दाखवणारा विद्वान होतो आणि आता जाऊन ‘मला वाटतं आपण दोघंही चुकलो’ म्हणायची लाज वाटत होती. मी निघून गेलो. त्या जिन्यातल्या अर्ध्या मिनिटाबद्दल मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

दिवाळीनंतर लग्नाच्या साड्या आल्या. चाचींनी एका नवरीच्या शालूला फॉल लावला तो काठापासून बोटभर आत, नागमोडी, आणि रंगही दुसराच. नवरीच्या आईनं शालू फक्त चाचांच्या समोर काउंटरवर पसरून दाखवला. चाचांनी ती शिलाई बराच वेळ बोटानं चाचपली.

मग त्यांनी चाचींना बाहेर बोलावलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी पायरीवर होतो. चाचांनी खिशातून तो कागद काढला. उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्यापुढं भोक धरलं.

“अब बोलो.”

चाची भोकातून बघत राहिल्या.

“मिठाईवाले का बोर्ड दिखता?”

“हौ.”

“क्या लिखा है?”

चाचींनी मिठाईवाल्याचं नाव सांगितलं. गल्लीत सगळ्यांना ते पाठ होतं. चाचांनी त्यांचं तोंड हळूच दुसऱ्या बाजूला वळवलं आणि आपली बोटं त्यांच्यापुढं धरली. “कितनी?” चाची माझ्याकडं वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, “नाय दिसत.” नवऱ्याला ते त्याच्या भाषेत सांगायचा त्यांना धीर झाला नसावा.

चाचांनी भर दुपारी शटर ओढलं.

दवाखान्यात मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्याचे फोटो काढले आणि सांगितलं की पडद्याच्या मधोमध, जिथं नजर टोकदार असते नेमकं तिथं, आतून रक्त झिरपलंय आणि आता वण झालाय. डाव्या डोळ्याला मधलं दिसणार नाही. “रेघ वाकडी दिसायला लागली की त्याच आठवड्यात यायचं असतं. सुया देऊन थांबवता येतं. किती दिवस झाले?”

“आठ महिने,” चाची म्हणाल्या.

“आठ महिने काय करत होता?”

“चष्मे बदलत होतो,” चाचा म्हणाले.

“चष्म्याचा यात काही संबंधच नाही हो,” डॉक्टर म्हणाल्या. हे कोण आहेत, काय करतात, हे त्यांना माहीत नव्हतं. चाचांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. उजव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती, पण तो वाचवता येईल असं त्या म्हणाल्या. दर महिन्याला सुई, आणि घरी चिकटवायला चौकटींचा एक कागद. रोज सकाळी डावा डोळा झाकून त्याच्याकडं बघायचं. एक जरी रेघ वाकली तरी धावत यायचं.

परत येताना रिक्षात चाचींनी चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की मी खोटं बोलले नसते तर तुम्हाला कळलं असतं. चाचा बाहेर बघत राहिले. चाची अपराध स्वतःवर घेत होत्या आणि चाचांना ‘चूक माझीच’ एवढंही म्हणता येत नव्हतं. मला वाटलं, आता तरी मी बोलावं, जिन्यातलं सांगावं. मी रिक्षावाल्याला डावीकडं वळायला सांगितलं.

त्यानंतर दुकान उघडं असे, पण धंदा संपला. कोणीही आलं, साधा वाचायचा नंबर लागलेला असला, तरी चाचा खुर्चीवरून न उठता म्हणत, “दवाखान्यात जा.” लोक म्हणत, चाचा, अहो फक्त पेपर दिसत नाही. “दवाखान्यात जा. भिंगाचं मी सांगंल. डोळ्याचं मला कळत नाय.” कुरुंदाची वाटी कोरडी पडली. भिंतीवरचं अधिकाचं चिन्ह त्यांनी चुना फासून टाकलं. गिऱ्हाइकं वाट बदलून गेली, आणि चाचा त्यांना नंबरनं हाका मारायचे तेही बंद झालं.

पुढं मला बिडकीनला ज्युनियर कॉलेजात कायम नोकरी लागली आणि मी खोली सोडली. निघताना चाचांनी मला एकच गोष्ट सांगितली. वर्षातून एकदा डोळे दाखवत जा, आणि चष्मेवाल्याला नको, डॉक्टरला.

दीड वर्षानं, गेल्या महिन्यात, एका रविवारी सकाळी मी गेलो. चाचा दुकानात रिकामे बसले होते. आत जाऊन चाचींना भेटा म्हणाले. चाची खिडकीशी होत्या, हातात काही काम नव्हतं. माझा आवाज ऐकून त्यांनी ओळखलं. “पिशोरचे मास्तर व्हय? बसा बसा. वाळलात जरा.” मी वाळलो नव्हतो, चांगला सुटलो होतो. मी बरं म्हणालो आणि बसलो.

तेवढ्यात दुकानातून चाचांची हाक आली. “सुनो! रेघा?”

चाची लगेच सावरून बसल्या. समोरच्या लोखंडी कपाटाकडं तोंड केलं, डावा डोळा तळहातानं नीट झाकला आणि तपासायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ थांबल्या.

“सीधे हैं! सब सीधे!”

कपाटावर चौकटींचा कागद नव्हता. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे होते.

मी चहा कसाबसा संपवला आणि बाहेर आलो. या खेपेला गप्प बसायचं नाही एवढंच डोक्यात होतं. चाचांच्या पुढ्यात उभा राहून मी हळू आवाजात म्हणालो, “चाचा, चाची पुन्हा खोटं बोलतायत. कपाटावर कागदच नाहीये. आजच्या आज दवाखान्यात न्या. मी येतो संगं.”

“मीच काढला तो,” चाचा म्हणाले. “महिना झाला. खात्री करायची होती.”

“मग थांबलात कशाला?”

“नेलं ना. त्याच दिवशी नेलं. डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन बोलल्या, आता सुया देऊन फायदा नाय. हा पण गेला. मी तिला सांगितलं, बाईंनी सुयांना सुट्टी दिलीये, डोळा सुधारतोय.” ते आतल्या दाराकडं बघत होते. आत चाची कप उचलताना ते एकमेकांवर आपटत होते.

मी म्हणालो, “मग रोज सकाळी विचारता कशाला, चाचा?”

“नाय विचारलं तर तिला कळंल ना, मास्तर.”